आत कोणी नाही

मोहाच्या फुलांचा वास मला आवडत नाही. चंद्रपुरात राहून हे उघड बोलायची सोय नाही. ज्याच्यासमोर बोलाल तो असा पाहतो, की तुम्ही त्याच्या आईच्या हातच्या भाजीला नावं ठेवलीत. म्हणून मी बोलत नाही. होळी उलटली की नियंत्रण कक्षातला कोणी ना कोणी शिपाई गावाहून परतताना रुमालात मूठभर फुलं बांधून आणतो, माझ्या टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "खाऊन पाहा मॅडम, सकाळचेच हायेत." मी एक फूल तोंडात टाकते, गोड आहे म्हणते आणि तो गेला की खिडकी उघडते. बाहेर ऊन असतं, कोळशाची धूळ असते. ती मला चालते.

यंदाही फुलं आली. यंदा मी खिडकी उघडली नाही. फुलं संध्याकाळपर्यंत टेबलावरच राहिली, त्यांचा गोड, जरासा आंबूस वास फायलींना लागला, आणि घरी जाण्याआधी मी दुसऱ्या दिवशीच्या रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात "वैयक्तिक" असं लिहिलं. माझा लेखनिक तो शब्द बराच वेळ पाहत राहिला. मॅडमना काही वैयक्तिक असतं, ही त्याच्यासाठी बातमी असावी.

मी मूळची उसाच्या मुलखातली. आमच्याकडे झाड म्हणजे बांधावरचं, आणि जंगल म्हणजे शाळेच्या सहलीला जायची जागा. जंगलाला लागून असलेल्या एका ठाण्याची प्रमुख म्हणून माझी बदली झाली तेव्हा आईनं फोनवर विचारलं, "तिथं वाघ असतात ना गं?"

"असतात."

"आणि माणसं?"

"तीही असतात."

"मग ठीक आहे," ती म्हणाली.

इकडे ठाण्याच्या प्रमुखाला ठाणेदार म्हणतात. हा शब्द मला आवडला होता. त्यात रुबाब आहे, आणि पहिले दोन महिने तो रुबाब मी मिरवलाही. मग हळूहळू लक्षात आलं की खात्यात एकटेपणालाच स्वतंत्र पदभार म्हणतात. ठाण्याच्या मागं माझं क्वार्टर होतं. दोन खोल्या, पुढं एक सागाचं झाड, व्हरांड्यात दोन खुर्च्या. एका खुर्चीत मी बसायची. दुसऱ्या खुर्चीवर टॉवेल वाळत असायचा. सकाळी ठाण्याच्या आवारातून हसण्याचा आवाज यायचा, मी दारात आले की तो थांबायचा, सगळे उभे राहायचे, आणि माझ्या मनात यायचं, की अरे, तो विनोद निदान पूर्ण तरी करा. पण असं ठाणेदारानं म्हणायचं नसतं. मी आत जाऊन टपाल पाहायची.

माझ्याशी सरळ बोलायचे ते एकटे मडावी हवालदार. निवृत्तीला आलेले, त्याच जंगलातल्या गावात वाढलेले. सलाम ठोकायचे, पण सलाम ठोकून झाल्यावर "मॅडम, आज जेवल्या का?" असंही विचारायचे. मोह मला त्यांनी शिकवला.

मोहाचं झाड सरकारच्या कागदावर वनखात्याचं असतं. गावात मात्र प्रत्येक झाडाला घर आहे. हे अमक्याच्या आज्याचं, ते तमक्याचं. पहाटे फुलं गळायला लागतात, उजाडताना बायामाणसं टोपल्या घेऊन आपापल्या झाडाखाली जातात, आणि दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी वाकत नाही. वाघाच्या भीतीनं जाताना एकमेकींना हाका मारत जातात, पण पोचल्यावर प्रत्येक बाई आपल्या झाडापाशी एकटी असते. मडावींच्या गावाकडे आणखी एक रीत होती. लग्न करून दिलेल्या लेकीच्या नावानं एक झाड ठेवायचं. दर हंगामाला ती दहापंधरा दिवस माहेरी येते आणि त्या झाडाची फुलं वेचून नेते. ती यायच्या आधी फुलं गळून मातीत सडली तरी भाऊ त्यांना हात लावत नाही.

"बहिणीले साडी नाई देल्ली तरी चालते मॅडम," मडावी म्हणाले होते. "पण तिचं झाड राखाव लागते."

मला हे इतकं आवडलं की त्याच संध्याकाळी मी आईला फोन करून सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तुझं झाड कुठलं गं?" मी म्हटलं, क्वार्टरपुढं साग आहे. ती हसली नाही.

आणखी एक गोष्ट मडावींनी शिकवली, ती जरा आवाज खाली करून. मोहाखाली पाचोळा साचलेला असतो. त्यात फिकट पिवळी, बोराएवढी फुलं पडली की दिसत नाहीत. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला आणि मधूनमधून लोक झाडाखालचा पाला जाळतात. जमीन काळी स्वच्छ होते, आणि दुसऱ्या पहाटे त्या काळ्यावर फुलं अशी उठून दिसतात की वेचायला डोळे ताणावे लागत नाहीत. मी एकदा उजाडताना गस्तीवरून परतताना ते पाहिलं आहे. जीप थांबवून उतरले होते. कोणी नव्हतं, नुसती फुलं पडत होती, आणि पडताना बारीक टप् असा आवाज होत होता. नोकरीत आपण कितीतरी ठिकाणी उभे राहतो, त्यातली फार थोडी ठिकाणं आपल्याला पाहायला मिळालेली असतात. ते मिळालं होतं.

पण तीच आग कधी झाडाखालून निसटते आणि जंगलाला लागते. म्हणून पाला जाळणं हा गुन्हा आहे. वनरक्षक पकडतात, केस होते, तारखा लागतात. तरी लोक जाळतात, आणि वनरक्षक दिसला की झाडामागं जातात. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं होतं, आणि दोन्ही बाजूंना त्याची सवय झाली होती.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला होता. पाचोळा इतका वाळला होता की त्यावरून सरडा गेला तरी माणूस चालल्यासारखं वाटायचं. एके दिवशी सकाळी आमच्या हद्दीतल्या मुरुमटोला गावाच्या पलीकडच्या टेकडीवर धूर दिसला. तो आधी कोणी पाहिला यावर नंतर बराच वाद झाला. वनखात्याचं म्हणणं त्यांनी, गावच्या पोलीस पाटलाचं म्हणणं त्यांनी. मी पाहिला तेव्हा तो टेकडी उतरत होता.

मी पोचले तेव्हा गावाबाहेरच्या गाडीरस्त्यावर सगळं सरकार जमलं होतं. वनखात्याचे परिक्षेत्र अधिकारी, म्हणजे सगळ्यांचे रेंजर साहेब, आपले मजूर आणि पाला उडवायची यंत्रं घेऊन आले होते. तालुक्याहून निघालेला अग्निशमनचा बंब अलीकडच्या नाल्याच्या रेतीत रुतून बसला होता आणि त्याचा ड्रायव्हर बंबाच्याच सावलीत बसला होता. रुग्णवाहिका होती. वीज कंपनीचा लाइनमन होता. तलाठी, सरपंच, माझे सात शिपाई आणि मडावी. तहसीलदार निघालेले होते, पण मधल्या जंगलात फोनला रेंज नाही, त्यामुळे ते निघालेलेच राहिले.

अशा वेळी कोणी काय करायचं याचं आम्हाला प्रशिक्षण दिलेलं असतं. थंडगार सभागृहात पडद्यावर चौकटी दाखवतात, चौकटीतून बाण निघतात, आणि सगळ्यात वरच्या चौकटीत "घटना प्रमुख" असं लिहिलेलं असतं. फार छान दिसतं ते. मी जीपमधून उतरले, आणि तिथल्या सगळ्या टोप्या माझ्याकडे वळल्या. बस्स, एवढंच झालं. मला कोणी नेमलं नाही, कोणी विचारलं नाही. "मॅडम, काय करायचं?" हा प्रश्न एकाच वेळी चार खात्यांनी विचारला, आणि प्रश्न विचारताच प्रत्येकजण अर्धं पाऊल मागं सरकला. ते अर्धं पाऊल मला अजून दिसतं.

गंमत अशी, की वनखात्याचा वायरलेस आम्हाला ऐकू येत नव्हता आणि आमचा त्यांना. त्यामुळे मी आणि रेंजर साहेब खांद्याला खांदा लावून उभे होतो, आणि दोघंही वेगवेगळ्या यंत्रांत ओरडत होतो. ते बारीक अंगाचे, चष्मा लावणारे, शब्द तोलून बोलणारे गृहस्थ होते. एरवी मला ते खडूस वाटायचे. त्या दिवशी त्यांचा तोल मला बरा वाटत होता.

जंगलात माणसं होती. वेचणीची वेळ होती. मी जीपचा सायरन चालू केला आणि भोंगा हातात घेतला. "जंगलात असलेल्या सर्व नागरिकांनी ताबडतोब गाडीरस्त्याकडे यावे." तीनदा म्हणाले. आवाज चांगला लागला होता माझा. चौथ्यांदा तोंड उघडलं तेव्हा मडावींनी पुढं येऊन माझ्या हातातला भोंगा जवळजवळ काढूनच घेतला.

"मॅडम, बंद करा जी हे. लोकं अंदर पळून राह्यले."

"आत? आगीकडे?"

"पाला जाळला म्हणून वनखातं धरते त्याईले. आता पोलीसबी आले म्हणून समजून राह्यले ते."

मग ते गावात धावले आणि दोन म्हाताऱ्या बायांना घेऊन आले. त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या, तोंडाशी हात धरला आणि "कूऽऽ" असा लांब आवाज काढला. त्यामागून गोंडीत काहीतरी. पुन्हा कूऽऽ. आणि धुरातून एक एक बाई यायला लागली. डोक्यावर टोपली, तोंडाला पदर. कुणी म्हातारा, कुणी दोघी मिळून. माझ्या जिवात जीव आला, आणि थोडा अपमानही वाटला. सांगितलं पाहिजे म्हणून सांगते.

मी जीपच्या बॉनेटवर पोलीस पाटलाची यादी ठेवली आणि घरागणिक विचारायला लागले. देवाजीचं घर आलं. देवाजी तिशीचा, मजूर म्हणून वनखात्याबरोबर आग विझवून आलेला, चेहरा काजळीनं माखलेला.

"आई आली, बायको आली, पोट्टे घरीच व्हते," तो म्हणाला. "सगळे आले मॅडम."

मी त्याच्या घरापुढं खूण केली, तो छपरावर पाणी मारायला गावात पळाला आणि मी पुढचं घर घेतलं.

यादी संपत आली तेव्हा रेंजर साहेब आले. "वारा फिरतोय," ते म्हणाले. "दहा मिनिटांत आग रस्ता ओलांडेल. मग गाव. आपण रस्त्याकडून प्रतिआग लावू." म्हणजे येणाऱ्या आगीच्या तोंडावर आपणच दुसरी आग सोडायची. मधला पाला ती खाऊन टाकते, दोन्ही आगी समोरासमोर येतात आणि जाळायला काही उरत नाही म्हणून विझतात. "पण टेकडी आणि रस्ता यांच्यामध्ये माणूस असला तर दोन्हीकडून सापडेल. आत कोणी नाही ना? तुम्ही सांगा, मग मी लावतो."

मी यादीकडे पाहिलं. सगळ्या खुणा झालेल्या होत्या. मडावींकडे पाहिलं, ते म्हाताऱ्यांना पाणी देत होते. मागं गाव होतं, गवताची छपरं, बांधलेली जनावरं. मी म्हणाले, "आत कोणी नाही."

मी नोकरीत खूप वाक्यं बोलले आहे. कोर्टात बोलले, मोर्च्यांपुढं बोलले. पण बोलताना शेजारी कोणीच नाही असं मला फक्त त्या वाक्याला वाटलं. चाळीस माणसं होती भोवती. त्यांतला एकही ते वाक्य माझ्याबरोबर बोलत नव्हता. सगळे ते ऐकत होते.

आग लागली. आमची आग. रस्त्याच्या कडेनं ती बारीक पळाली, मग आत शिरली आणि एकदम मोठी झाली. सातआठ मिनिटांनी दोन्ही आगी भिडल्या. तेव्हा जो आवाज झाला तो मी कोणाला नीट सांगू शकलेले नाही. आणि मग खरंच, रेंजर साहेबांनी सांगितलं होतं तसं, जाळायला काही उरलं नाही. गाव वाचलं. लोक ओरडले, टाळ्या पिटल्या, सरपंचांनी चहा मागवला. बंबाच्या ड्रायव्हरनंही तिथं येऊन चहा घेतला. मी बॉनेटला टेकून उभी होते, हातात कप होता, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

तेव्हा देवाजीची आई माणसांमधून वाट काढत आली. ती इतका वेळ पाण्याच्या टाकीपाशी ठसका लागून बसली होती. तिनं देवाजीचा दंड धरला.

"कौतुका कुठी हाय रे?"

कौतुका म्हणजे देवाजीची मोठी बहीण. सासर वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीच्या बाजूला. दरवर्षीसारखी आपल्या झाडाची फुलं वेचायला आली होती.

"ते तं आज सासरी जाणार व्हती ना माय," देवाजी म्हणाला. म्हणता म्हणताच त्याचा आवाज बदलला.

"झाड गळून राह्यलं व्हतं अजून. एक दिवस थांबतो म्हणे."

यादीत कौतुका नव्हती. कशी असेल? तिचं नाव दुसऱ्या गावाच्या, दुसऱ्या तालुक्याच्या यादीत होतं. देवाजीनं घाबरलेल्या माणसासारखी आपल्या चुलीपुढची माणसं सांगितली होती, त्यात त्याचा दोष नाही. पण मला माहीत होतं. माहेरी आलेल्या लेकी जंगलात असतात, एकेकीचं झाड गावाबाहेर लांब असतं, हे मला मडावींनी सांगितलं होतं, मी ते आईला हौसेनं सांगितलं होतं, आणि जेव्हा विचारायची वेळ आली तेव्हा मी घरं विचारली, लेकी विचारल्या नाहीत. ज्या एका गोष्टीमुळे ती जागा मला आपली वाटली होती, तीच गोष्ट मी विसरले.

आम्ही आत गेलो. देवाजी पुढं, मागं मडावी, रेंजर साहेब आणि मी. राखेतून बुटांचे तळ गरम लागत होते. कुठं कुठं ओंडके धुमसत होते. देवाजी "बाईऽऽ" अशी हाक मारत पळत होता. या बाजूला मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. त्या हाकेला उत्तर येत नव्हतं, आणि प्रत्येक हाकेनंतर मी मनात एकच वाक्य म्हणत होते. ती प्रार्थना नव्हती. "मी विचारायला हवं होतं," एवढंच.

कौतुका सापडली. जिवंत. तिच्या झाडाखाली, बुंध्याला पाठ लावून, लुगडं तोंडाला गच्च गुंडाळून बसली होती. भुवया जळल्या होत्या. उजव्या हाताची बोटं भाजून सुजली होती. टोपली दोन्ही गुडघ्यांत धरलेली होती. चहूकडे करडी, ताजी, वाफाळती राख होती, आणि झाडाभोवती अंगणाएवढा एक गोल होता, तिथं ती राख नव्हती. तिथली जमीन आधीपासून काळी होती. सकाळी तिनं पाला जाळला होता. दोन्ही आगी त्या गोलापर्यंत आल्या, त्यांना खायला काही मिळालं नाही, आणि त्या बाजूनं निघून गेल्या.

देवाजीनं तिला पाठीवर घेतलं आणि मडावींबरोबर तो रस्त्याकडे पळाला. मी आणि रेंजर साहेब मागं राहिलो. ते त्या गोलाकडे पाहत होते. चष्मा काढून पुसला, परत लावला.

"सकाळचं जाळलेलं आहे," ते म्हणाले.

"आग टेकडीवरून आली," मी म्हणाले.

"हो, टेकडीवरूनच आली असेल. पण ही बाई आत होती असं कागदावर आलं, की खालचा पाला कोणी जाळला हेही येईल. वणवा तिच्यावर जाईल." थोडं थांबून ते खालच्या आवाजात म्हणाले, "आणि प्रतिआग कोणाच्या सांगण्यावरून लावली, तेही येईल."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. 

माझ्या अहवालात असं आहे: आगीचं निश्चित कारण समजू शकलं नाही, जीवितहानी नाही, धुराचा त्रास झाल्यानं एका महिलेवर ग्रामीण रुग्णालयात उपचार. यातलं एकही अक्षर खोटं नाही. सर्व विभागांनी उत्कृष्ट समन्वय राखला, असंही त्यात आहे, आणि त्यावर वरून शाबासकीचं पत्र आलं. ते पत्र मी फ्रेम केलं नाही. फाडलंही नाही.

तेव्हापासून मी स्वतःशी एक खटला चालवते आहे, आणि त्याचा निकाल लागत नाही. मी गप्प बसले ती कौतुकासाठी की माझ्यासाठी? खरं लिहिलं असतं तर भाजलेल्या हातानं ती तारखांना फिरली असती. खरं लिहिलं असतं तर माझीही चौकशी झाली असती. एकाच गप्प बसण्यानं दोघी वाचलो. दयेचं आणि भित्रेपणाचं माप सारखंच निघालं, तर आपण कोणतं अंगात घातलंय हे कसं ओळखायचं? मडावींना विचारलं असतं. पण ते त्याच पावसाळ्यात निवृत्त होऊन गावी गेले. जाताना त्यांनी सलाम ठोकला आणि म्हणाले, "मॅडम, जेवत जा वेळेवर." मी हो म्हणाले.

आता मी नियंत्रण कक्षात बसते. वर्षातून दोनदा मला प्रशिक्षणाला बोलावतात, मुरुमटोल्याचा वणवा हे उदाहरण म्हणून. तेच थंडगार सभागृह, तेच बाण. मी सांगते: आधी वायरलेस जुळवून घ्या, सायरन वाजवण्याआधी तो ऐकून कोण पळेल याचा विचार करा, गावातल्या म्हाताऱ्या बायांना सोबत घ्या. तरुण अधिकारी लिहून घेतात. एकदा मी म्हणाले, "यादी करताना माहेरी आलेल्या लेकींनाही विचारा." ते हसले. त्यांना वाटलं, मॅडम जरा हलकंफुलकं बोलल्या. कोणीतरी टाळीही वाजवली. मग जेवणाची सुट्टी झाली.

तर यंदा मी रजा काढली. शहराबाहेर पडताना मोहर्लीला वाघ पाहायला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या बाजूनं गेल्या, टोप्या, दुर्बिणी, उत्साह. मी पहाटेच्या पहिल्या एसटीनं ब्रह्मपुरी गाठली आणि तिथून मुरुमटोल्याकडे जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये बसले. साधा सलवार कमीज, पायांत चपला. शेजारी बसलेल्या बाईनं कोंबडी मांडीवर घेतली होती आणि मला विचारलं, "कोणाच्या घरची जी तुमी?" बऱ्याच वर्षांत मला कोणी असं विचारलं नव्हतं.  म्हटलं, बाहेरची आहे.

कौतुका झाडाखाली होती. जमीन काळी नव्हती, झाडूनं लोटून स्वच्छ केलेली होती. उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत, त्यामुळे ती डाव्या हातानं वेचत होती. तिनं मान वर केली, डोळे बारीक केले.

"ठाणेदार मॅडम? वर्दी नाई घातली, म्हणून वळखली नाई."

मी तिच्या शेजारी बसले आणि वेचायला लागले. मला नीट जमत नव्हतं, फुलं चुरगळत होती.  बऱ्याच वेळानं मी विचारलं, "त्या दिवशी भोंग्यावर मी बोलत होते. ऐकू आलं होतं तुम्हाला?"

"आलं ना. साजरं आलं."

"मग?"

"मंग का? खाली सारं काळं करून ठेवलं व्हतं मी. म्हटलं, पोलीस आले, आता नेतेत. झाडाच्या मांगं लपून बसली."

"आणि नंतर त्या म्हाताऱ्यांची हाक?"

"तवापर्यंत आगीचाच आवाज व्हता मॅडम."

मी हातातली फुलं टोपलीत टाकली. मग सांगितलं. सगळ्यांची यादी केली होती, त्या यादीत तुम्ही नव्हता, वनखात्याच्या साहेबांना मीच सांगितलं की आत कोणी नाही, त्यावर त्यांनी गाडीरस्त्याकडून दुसरी आग लावली. तुमच्या हाताला लागली ती आमची आग होती. हे मी घरी कितीदा तरी म्हणून पाहिलं होतं. प्रत्यक्षात फार थोड्या वेळात संपलं.

कौतुकाचा हात थांबला.

"दोन आगी व्हत्या?" ती म्हणाली. "मले वाटे एकच. फिरून आली म्हणून." मग म्हणाली, "अंदर कोणी नाई म्हणून तुमाले कोणं सांगतलं?"

"मी ठरवलं तसं."

"नाई. घरचं कोणं सांगतलं? देवाजीनं?"

मी क्षणभर थांबले, आणि तेवढ्यात तिला उत्तर मिळालं.

"त्याची काही चूक नाही," मी म्हणाले. "विचारायचं माझं काम होतं. मी विसरले. चूक माझी आहे, कौतुकाबाई."

"त्याले माहीत हाय का? त्याच्या बोलण्यावर दुसरी आग लागली म्हणून?"

"रस्त्याकडून आग लावली हे त्याला माहीत आहे. त्याच्या बोलण्यावर लावली, हे नाही."

 वरून फुलं पडत होती, एक तिच्या केसांत पडलं, ते तिनं काढलं नाही.

"मंग नोका सांगू जी," ती म्हणाली. "त्याले नोका सांगू, मायलेबी नोका सांगू. तीन साल झाले, मी यायच्या पयले तो येते आन् सारं झाडून ठेवते. मले जाळू देत नाई. माही बोटं पाह्यते आन् तिकडं तोंड करते. त्याले हे समजलं तं तो जगणार नाई. तुमच्यापाशीच राहू द्या मॅडम."

मी सांगून मोकळी व्हायला आले होते. इतक्या लांब, एका दिवसाची रजा काढून, ते ओझं जिचं आहे तिच्यापुढं उतरवून ठेवायला. तिनं ते नीट पाहिलं, आणि उचलून परत माझ्या हातात दिलं. मी म्हणाले, "नाही सांगणार."

पायवाटेवर पावलं वाजली. देवाजी आला, खांद्यावर रिकामी टोपली. मला पाहून आधी गोंधळला, मग त्याचा चेहरा एकदम उजळला. टोपली खाली ठेवून तो माझ्या पायांशी वाकला.

"तुमी व्हत्या म्हणून माही बहीण डोळ्यापुढं हाय, मॅडम," तो म्हणाला. "घरी रोज तुमचं नाव निंगते."

मी त्याला धरून उठवलं. कौतुका वाकून वेचत राहिली. तिनं मान वर केली नाही.